पवरातली मी

रामूमामांच्या रुक्मिणीचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. “अप्पा गेले,” एवढंच ती म्हणाली. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी माझ्या मनात आलं, कुठे गेले? बँकेत? रजिस्ट्रार कचेरीत? तंजावूरच्या फोनवर ‘गेले’ हा शब्द मी कित्येक वर्षं ऐकला होता, आणि तोही रामूमामांच्याच तोंडून, त्यांच्या स्वतःविषयी. “मी काल बँकेत गेले होते.” “मी वकिलाकडे जाऊन आले.” भरघोस मिशांचा, खर्जातल्या आवाजाचा, कॉलेजच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ फोनवर खुशाल बाईसारखा बोलायचा. विनायकने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पहिल्यांदा त्यांचा फोन घेतला तेव्हा रिसीव्हरवर हात ठेवून मला हळूच विचारलं होतं, “अगं, तुझ्या मामांची तब्येत बरी आहे ना?” तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता मात्र तो शब्द रुक्मिणीच्या तोंडी आला होता आणि त्याचा एकच अर्थ होता. भाजी तशीच राहिली.

रामूमामा म्हणजे रामचंद्रराव, माझ्या आईचे चुलतभाऊ. आई तंजावूरची. मराठी राज्याबरोबर तिकडे गेलेल्या आणि राज्य संपल्यावरही तिथेच राहिलेल्या घराण्यांपैकी एका घराण्यातली. लग्न होऊन ती पुण्याला आली आणि मी इथलीच झाले, पण उन्हाळ्याच्या सुट्ट्या तंजावूरला, तिच्या मोठ्या बहिणीकडे, सुंदरामावशीकडे जायच्या. मावशीला मूलबाळ नव्हतं आणि काका लवकर गेले. किल्ल्याजवळच्या गल्लीत तिचं एक बैठं घर होतं. पुढच्या बाजूला ती राहायची, मधे विहिरीचं अंगण, आणि मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून रामूमामा, कमलामामी आणि रुक्मिणी. भाडेकरू म्हणायचं एवढंच. सांबाराचा वास अंगण ओलांडून पुढे यायचा आणि पाठोपाठ वाटीही यायची. मावशी मामांपेक्षा बरीच मोठी, त्यांना तिनेच अंगाखांद्यावर खेळवलं होतं, आणि ते तिला अक्का म्हणायचे. घरात आमची तंजावरी मराठी चाले. ‘सगळं’ला ‘असकें’, ‘चांगलं’ला ‘चोखट’, आणि प्रश्न विचारायचा तर शेवटी ‘की’. “जेवलीस की?” असं कुणी विचारलं की पुण्याच्या मैत्रिणींना वाटे, पुढे अजून काही बोलायचं राहिलंय.

मावशीची दृष्टी अधू होत गेली. एकदा विहिरीच्या कट्ट्याला अडखळून पडली, तेव्हा मी हट्टाने तिला पुण्याला आणायचं ठरवलं. देशात तेव्हा सगळंच नव्याने सुरू होत होतं. तंजावूरच्या कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उघडले होते, दूरदर्शनखेरीज आणखी वाहिन्या घरात आल्या होत्या, आणि जागांचे भाव रोज नवे ऐकू येत होते. जायच्या आधी मावशीने रजिस्ट्रार कचेरीत जाऊन मामांच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं. तिकडे त्याला सगळे ‘पवर’ म्हणतात. भाडं गोळा करणं, कर भरणं, बँकेचे व्यवहार, वेळ आली तर घर विकणंसुद्धा, असे सगळे अधिकार त्यात होते. कागद तमिळमध्ये. मामांनी तो कचेरीच्या बाकावर बसून तीनतीनदा वाचला. त्यांना देवनागरी फारसं येत नसे, पण तमिळ कागद वाचावा तर त्यांनीच. त्यात शेवटी एक नेहमीचं कलम होतं. माझा एजंट जे जे करील ते मी स्वतः केल्याप्रमाणेच समजावं, अशा अर्थाचं. वकील ते डोळे मिटून छापतात, सह्या करणारे डोळे मिटून सह्या करतात. मामांनी मात्र त्यावर बोट ठेवलं आणि ते विचारात पडले.

त्या विचारातून काय निघालं ते मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. मी मावशीच्या पुढच्या खोल्यांची व्यवस्था बघायला गेले होते. त्या आता एका प्राध्यापकाला भाड्याने दिल्या होत्या. मामा सकाळी बाहेर जाऊन आले, पाय धुतले आणि म्हणाले, “मी रेशनला गेलों, रांग फार होती. तेथून मी बँकेत गेले.” मला वाटलं, जीभ घसरली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलताना ‘चालतों’ आणि मावशीच्या घरपट्टीबद्दल बोलताना ‘भरते’. शेवटी मला राहवेना. मी विचारलंच, “मामा, हे मधेच बाई कसे होता तुम्ही?”

“बाई मी नव्हें,” ते अगदी शांतपणे म्हणाले. “पवरांतली ‘मी’ बाई आहे. कागदांत ‘मी’ म्हणजे कोण? अक्का. तिच्या वतीनें बोलतांना मी ‘गेलों’ म्हटलें, तर तो रामू गेला. रामूला बँकेत काय काम?”

“पण तमिळमध्ये?”

“तमिळांत ‘वंदेन्’ म्हटलें की झालें. आला की आली, कोणी विचारत नाहीं. मराठी आहे तेंच बारीक विचारतें.” आणि त्यांच्या चेहऱ्यावर मराठीविषयी असा काही अभिमान दिसला, की मी पुढे चेष्टा केली नाही. कमलामामी मात्र सोडायच्या नाहीत. ताक घुसळता घुसळता त्या म्हणाल्या, “विचार गं, आज घरांत नवरा आहे की नणंद?”

मला त्या माणसाचं फार कुतूहल वाटायला लागलं, ते तेव्हापासून. एकाच देहात दोन माणसं ठेवून, दोघांना एकमेकांच्या खिशात हात घालू न देणं हे काही सोपं काम नाही. प्राध्यापकाचं भाडं वाढवायची वेळ आली तेव्हा मामांनी गल्लीतला चालू दर बघून ते वाढवलं, आणि मग मागच्या दोन खोल्यांचंही त्याच हिशेबाने वाढवलं. म्हणजे स्वतःचंच. कमलामामींनी कपाळाला हात लावला. “अक्का येथें असतां एक पैसा वाढवला नाहीं तिनें,” त्या म्हणाल्या. मामांचं म्हणणं असं, की अक्का भिडेपोटी वाढवत नव्हती, आणि तिची भीड तिच्या एजंटाने पुढे चालवली तर ती चोरी होईल, कारण फायदा कुणाचा, तर एजंटाचाच. मामी काही कमी नव्हत्या. दुसऱ्या दिवशी ते ओसरीवर बसले असताना त्या समोर उभ्या राहिल्या. “घरवाल्या बाईला सांगायचें होतें, स्वैंपाकघर गळतें.” मामा गंभीरपणे म्हणाले, “सांगतों तिला.” आणि संध्याकाळी जेवताना, “मी ऐकलें. पावसाच्या आधीं गवंड्याला बोलावते.” रुक्मिणी आणि मी ताटावरून उठून अंगणात जाऊन हसलो. गवंडी मात्र खरोखरच आला. पैसे मावशीच्या खात्यातून गेले, आणि तसं पत्र मला पुण्याला आलं, तमिळ वळणाच्या इंग्रजीत. इंग्रजीतल्या ‘मी’लाही बाईपुरुषाचा भेद नसतो, त्यामुळे त्या पत्रात मामा थोडे हरवल्यासारखे वाटायचे.

त्याच दिवसांत तिकडे फायनान्स कंपन्यांचं पेव फुटलं. काचेची दारं, आत गारवा, टेबलामागे टाय लावलेली मुलं, बँकेच्या दुप्पट व्याज आणि वर ठेवीदाराला चांदीचं निरांजन भेट. मावशीची बँकेतली ठेव तिकडे हलवावी असं विनायकनेही एकदा सुचवलं. मामांनी फोनवर ठाम नकार दिला. “मी विधवा बाई. मला असली हांव कशाला? माझें बँकेंतच राहूं दे.” हे अर्थात मावशी बोलत होती. पण पाच मिनिटांनी तेच मामा जरा लाजत म्हणाले, “मी मात्र थोडें ठेवलें आहे. पीएफचे. चोखट कंपनी आहे.” थोडे नव्हते, होते नव्हते तेवढे सगळे होते. वर्षभर व्याज आलं, आणि मग एका सकाळी काचेच्या दाराला कुलूप दिसलं. मालक कुठे गेला ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. मावशीचा एक रुपया हलला नाही, मामांचं निवृत्तीचं सगळं गेलं. मला राग आला होता त्यांचा. म्हटलं, “मामा, जी अक्कल मावशीसाठी चालवलीत ती स्वतःसाठी का नाही चालवली?” ते म्हणाले, “तिच्या पैशाला हात लावतांना मला भय वाटतें. माझ्या पैशाचें कसलें भय?” देवघरात ते चांदीचं निरांजन मात्र रोज लागायचं, मामी नाक मुरडत का होईना, पण लावायच्या.

मग मावशीचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती उठून चालू लागली नाही. दिवसाची बाई, रात्रीची बाई, औषधं, गादी, पुन्हा इस्पितळ… बँकेतली ठेव भराभर उतरत गेली. विनायक आणि मी म्हणत होतो की आम्ही बघू, आम्हाला काय ती परकी आहे? मामांना ते पटलं नाही. “मी कोणाच्या उपकारांत राहिले नाहीं कधीं,” ते फोनवर म्हणाले, आणि हे मात्र हुबेहूब मावशी होती. ती आयुष्यभर तशीच वागली होती. त्याच सुमाराला एका कापड व्यापाऱ्याने घराला मागणी घातली. त्याला तिथे लॉज बांधायचा होता. भाव असा, की मावशी आणखी वीस वर्षं जगली असती तरी पुरला असता. अट एकच, घर पूर्ण रिकामं हवं. कुळासकट घेतलं तर निम्म्यापेक्षाही कमी. प्राध्यापकाने तोवर स्वतःचं घर बांधलं होतं, तो आनंदाने निघाला.

मामांनी एसटीडी बूथवरून फोन केला. त्यांना मावशीशीच बोलायचं होतं, म्हणून मी रिसीव्हर तिच्या कानाला लावून उभी राहिले. तिला कमी ऐकू येई, त्यामुळे मामा ओरडत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. “अक्का, घर विकायचें म्हणतात. काय करूं?” मावशीने जरा वेळ डोळे मिटले. मग स्पष्ट म्हणाली, “रामू, तुला चोखट तें कर.” मामा “बरें” म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाटलं, परवानगी मिळाली. तुला योग्य दिसेल ते कर. मामांनीही तेच ऐकलं.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. “मागच्या भाडेकऱ्याला नोटीस दिली. तो उठला. आतां खरेदीखत होईल.” मी “बरं झालं” म्हणाले, आणि रिसीव्हर ठेवल्यावर लक्षात आलं, उठला तो कोण. मागचा भाडेकरू… पुढे रुक्मिणीने मला सगळं सांगितलं. तिचं तेव्हा नुकतंच लग्न होऊन ती कुंभकोणमला गेली होती आणि ती वडिलांवर भयंकर चिडली होती. मामांनी मावशीच्या वतीने रामचंद्ररावांना रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली होती. पाठवणाराचा पत्ता आणि घेणाराचा पत्ता एकच, सहीही एकच. पोस्टमनने विचारलं, “सार, हें काय?” मामांनी त्याला ताक दिलं आणि सही करून नोटीस घेतली. वकील त्यांना म्हणाला होता, की इतक्या वर्षांच्या कुळाला काही रक्कम देण्याची पद्धतच आहे, तुम्ही मागा, व्यापारीही देईल. मामा म्हणाले, “मागणारा मी, मान्य करणारी मी. असें कसें चालेल?” पीएफ बुडालेलं, पेन्शन तुटपुंजी. तंजावूरच्या भाड्यांना हात लावायची सोय राहिली नव्हती. बस पकडून ते तिरुवैयारूला गेले आणि तिथे नदीच्या बाजूच्या एका घराचा माडीवरचा भाग घेतला. तीस वर्षांच्या संसाराची एक गाडीसुद्धा भरली नाही म्हणे. कमलामामी विहिरीच्या कट्ट्यावर बसून रडल्या, मग डोळे पुसून तुळस खणून बरोबर घेतली.

मावशीला यातलं काही माहीत नव्हतं. पैसे तिच्या खात्यात आले, मी तिला आकडा सांगितला, ती नुसती हुंकारली. मग एका दुपारी, पोळी कुस्करून भरवत असताना, तिने विचारलं, “रामूच्या घरांत आतां उजेड येतो की? समोर लॉजाची भिंत झाली असेल.” मला कळेना. मी म्हटलं, “मावशी, मागचं पण विकलं ना. मामा तिरुवैयारूला गेले.” तिने तोंडातला घास तसाच ठेवला. “मागचें कां विकलें? मागचें त्याचें.” मग थांबत थांबत तिच्याकडून जे कळलं ते असं. काकांचे पुतणे त्या घरावर टपून होते. आपण पुण्याला गेल्यावर ते रामूला हुसकून लावतील ही तिला एकच धास्ती होती. घराची, भाड्याची, बँकेची तिला फिकीर नव्हती. “मी पवर कशाला दिली? त्याला तेथून कोणी उठवूं नये म्हणून. तुला चोखट तें कर म्हणाले, तें ह्यासाठीं. तुझें भलें तें कर.” आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी म्हणाली, त्याला सांगू नको. मग रात्री म्हणाली, कधीतरी सांग, पण मी असेपर्यंत नको. मला तोंड दाखवता येणार नाही त्याला.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. मामा तेराव्याला पुण्याला आले. त्यांनी सगळे कागद माझ्या हवाली केले, पवरसुद्धा. देणारा गेला की पवर संपते, हा कायदा त्यांना पाठ होता. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून ‘गेले’ आणि ‘करते’ कायमचं गेलं. फोनवर नुसते रामूमामा असायचे, गुडघा, पेन्शन, नदीला आलेलं पाणी आणि रुक्मिणीचा मुलगा. खरं तर इतकी वर्षं मला त्या बाईमाणसाच्या बोलण्याची सवय झाली होती, आणि मावशी गेल्याचं दुःख मला काही वेळा त्या एका ‘गेलों’नेच जास्त व्हायचं.

मागच्या मार्गशीर्षात मी तिरुवैयारूला गेले. माडीच्या गच्चीवर आम्ही बसलो होतो. खाली कालव्याच्या कडेने शाळेची मुलं सायकलींवरून चालली होती, आणि शेजारच्या घरात कुणीतरी एकच स्वर पुन्हा पुन्हा घोटत होतं. मामा बरेच वाळले होते. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगायचं नाही. मग मी सगळं सांगितलं. पुतण्यांची धास्ती, पवर कशासाठी दिली ते, आणि ‘तुला चोखट’ म्हणजे काय ते. आतून कमलामामींचा भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं.

“तें कागदांत नव्हतें,” मामा म्हणाले.

“नाही मामा. कागदात नव्हतं.”

“कागदांत असतें तर वाचलें असतें मी.”

मामी कॉफी घेऊन आल्या. पेले आणि त्यांखालच्या खोलगट वाट्या, डबऱ्या, आमच्यापुढे ठेवून तिथेच जमिनीवर बसल्या, मामांच्या जवळ. एरवी एवढ्या संधीवर त्या गप्प बसणाऱ्या नव्हत्या. मी वाट बघत होते. मला वाटलं, हे आता हसतील, किंवा स्वतःवर चिडतील, किंवा अक्काने आधीच का नाही सांगितलं म्हणतील. मलाच मोठं कुतूहल होतं, की या माणसाला शेवटी काय वाटतं, घर गेल्याचं, की घर आपलंच असल्याचं. ते कॉफी निववत राहिले, या भांड्यातून त्या भांड्यात… फेस मावळला तरी ओततच राहिले. मग खाली ठेवून नदीकडे बघत, फोनवर बोलायचे त्या जुन्या आवाजात, सावकाश म्हणाले,

“मागचा भाडेकरू वाईट माणूस नव्हता. भाडें कधीं थकवलें नाहीं त्यानें. त्याला उठवायचें नव्हतें… मी चुकले.”